आधी छप्पर, मग खुर्ची

गेल्या दिवाळीला आमच्या गावचा एक मुलगा चाकणहून घरी आला, तो परत गेलाच नाही. मुलगा सुताराचा. आय.टी.आय.मध्ये फिटरचे काम शिकलेला, हाताचा चांगला, सुपारीचेही व्यसन नाही. बापाने शेळ्या विकून त्यास धाडले होते. चार महिन्यांत तो परतला तेव्हा पारावर बसल्या बसल्या गावाने निकाल दिला, "पोरगं कच्चं निघालं!" आम्ही पडलो शाळामास्तर, त्याला पाढे आम्हीच शिकवलेले. म्हणून एके दिवशी त्याला जवळ बसवून चार महिन्यांचा हिशेब कागदावर मांडायला लावला. तो पाहिल्यावर आमची खात्री झाली की, कच्चे कोणी निघाले असेल तर ते पोर नव्हे. त्याला तसे धाडणारे आपण सारे आहोत. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तो हिशेब आज आपणांपुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा हिशेब याहून वेगळा नसेल.

शेळ्यांचे आले बावीस हजार. त्यातले पंधरा हजार 'नोकरी लावून देतो' म्हणणाऱ्या एका मध्यस्थाने आधीच घेतले. हाती राहिले सात. खोलीत सात मुले. प्रत्येकी भाडे अडीच हजार आणि अनामत पाच हजार. पहिला पगार हाती पडायला चाळीस दिवस लागले, कारण महिना भरल्यावर आणखी दहा दिवसांनी पगार होतो. तोवर खानावळ आणि बस धरून तेरा हजार लागले. तूट आली सहा हजारांची. ती त्याने मोबाइलवर मिळणाऱ्या कर्जाने भरली. पूर्वी सावकार पेठेत बसे. त्याच्या पायरीशी जायला माणसाला लाज तरी वाटे. आता सावकार खिशातच बसला आहे आणि रात्री-अपरात्री तोच आपणहून हाक मारतो!

पगार सांगितला होता चौदा हजार. कापून हाती पडू लागले अकरा हजार आठशे. कशाचे कापले, याचा कागद नाही. भाडे अडीच हजार, खानावळ बत्तीसशे, बस नऊशे, घरी धाडायचे चार हजार. उरले बाराशे. त्यातून कर्जाचा हप्ता, साबण, तेल, मोबाइलचे पैसे. भाद्रपदात आठ दिवस ताप आला; त्या आठ दिवसांचा पगार नाही, औषधाचा खर्च मात्र आहे. येथे हिशेब तुटला. आणि या सर्व दिवसांत बाप फोनवर विचारी, "कसं चाललंय रं?" आणि मुलगा सांगे, "बरं चाललंय, आबा." घरी चार हजार तरी का धाडलेस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "न धाडून कसं चालंल, गुरुजी? पोरगं बिघडलं म्हनतील."

वाचकहो, 'बिघडलं' हा एक शब्द टाळण्यासाठी या मुलाने ताप अंगावर काढला. आता सांगा, कच्चे कोण?

आम्ही शहराचे वैरी नव्हे. लेकरांनी गावातच कुजावे, असे सांगणारा हा लेख नव्हे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन सव्वाचार हेक्टरांहून थोडी अधिक होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरांवर आली. एवढ्या तुकड्यावर तीन भावांचे संसार चालत नाहीत, हे कुणब्याच्या पोराला गणिताशिवाय कळते. सुताराचा नांगर लोखंडाने नेला, कुंभाराचा डेरा प्लॅस्टिकने नेला, चांभाराचा जोडा कारखान्याने नेला. तेव्हा लेकरे शहरात जाणार, आणि जावीत. प्रश्न एवढाच की, त्यांना शहरात धाडणे आणि शहरात टाकून देणे यात आपण काही फरक करणार की नाही?

पैशाचे दुःख निदान कागदावर मांडता येते. दुसरे एक दुःख आहे, ते मांडताही येत नाही. खोली पाहावयास गेले की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग 'तुमच्यात मांसाहार चालतो का' हे विचारतो. आणि या तीन प्रश्नांच्या आड चौथा न विचारलेला प्रश्न कोणता असतो, हे आम्ही आपणांस सांगावयास नको. खोली मिळाली तर कचेरीत बोलीची परीक्षा. आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी पुण्यास हिशेब लिहिण्याच्या कामावर लागली. आकड्यांत तिला तोड नाही. पहिल्याच दिवशी ती 'व्हय' म्हणाली आणि बाजूची दोघे हसली. त्यानंतर तीन महिने तिने बैठकीत तोंड उघडले नाही. हिशेबातली एक मोठी चूक तिने शोधली. ती बैठकीत सांगितली दुसऱ्याने, आणि शाबासकीही त्यालाच मिळाली.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्या बोलीत आपल्या आईने आपणांस जेवू घातले, ती अशुद्ध असूच शकत नाही. तुकोबांनी देहूच्या कुणब्यांची बोली टाकून अभंग रचले नाहीत. तरी कचेरीची भाषाही शिकावी. ती एक हत्यार आहे, आणि नवे हत्यार शिकण्यात सुताराच्या पोराला कमीपणा तो कसला? परंतु हत्यार हाती घेताना स्वतःचा हात कोणी तोडून टाकीत नाही. त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, "पोरी, चूक तू शोधलीस तर ती तूच सांग. व्हय म्हणून सांग, पण सांग."

आता थोडे मागे पाहू. कारण शहरात गेलेली ही काही आपली पहिली पिढी नव्हे. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढे कोकणातून व घाटावरून आपले आजे-पणजे गिरणगावात गेले. ते एकटे गेले नाहीत. कोणी गाववाला आधी गेलेला असे. त्याच्या पत्त्यावर दुसरा जाई. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चाळीत खोली घेतलेली असे. एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीने. त्या खोलीत सुख नव्हते. पण नवा आलेला मुलगा पहिल्या रात्री उपाशी आणि उघड्यावर झोपत नसे. तापाने फणफणला तर त्याच्या कपाळावर पट्टी ठेवणारा हात त्याच्याच शिवेतला असे. अशा खानावळवाल्या बायांची संघटनाही पुढे उभी राहिली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

आणि आठवड्याची सुट्टी! आज आपली मुले रविवारी घरी फोन करतात, तो रविवार कोणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. फुलमाळ्याच्या घरचा हा माणूस रेल्वेच्या टपाल खात्यात व गिरणीत नोकरी करून पुढे आला आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या 'दीनबंधु'चा १८८० पासून संपादक झाला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांनी मागण्यांचा अर्ज केला. पुढे सहा वर्षे हा माणूस थांबला नाही, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. चार जणांनी मिळून मागितल्यावाचून शहर कोणालाही काही देत नाही, हा लोखंड्यांच्या आयुष्याचा धडा आहे.

मात्र आपलेच कौतुक करून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्या गावच्या खोल्यांत गाव होते, तशी गावची शीवही होती. महार-मांगांची खोली निराळी, चाळ निराळी. गिरणीत कापड खात्यात पगार जास्त; पण तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्यांस त्या खात्यात उभे राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे मांडला, तेव्हा अडवणारे हात भटजींचे नव्हते, आपलेच होते. घरमालकाने आडनाव विचारले म्हणून आपण चिडतो, ते योग्यच आहे. पण आपल्या मुलाने घेतलेल्या खोलीत कोणत्या आडनावाचा सोबती चालेल, हे आपण फोनवरून सांगतो की नाही? ज्याने त्याने आपल्या मनाशी उत्तर द्यावे.

यातून वाट कशी काढावी, हे सांगणारी दोन माणसे आपल्यातच होऊन गेली. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या, हे सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच्या आधीची एक तारीख आपण विसरतो. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी महाराजांनी वसतिगृहे उभी करविली. म्हणजे वसतिगृह आधी, राखीव जागा नंतर. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकावयास जागा नसेल, तर त्याच्यासाठी राखलेली खुर्ची रिकामीच राहील, हे त्या राजाने ओळखले होते. आधी छप्पर, मग खुर्ची!

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाने १९२४ मध्ये साताऱ्यास असे वसतिगृह सुरू केले की, ज्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि एका छपराखाली निजत. महाराजांच्या वसतिगृहांच्या पुढचे हे पाऊल. आपणांस आज याच पावलाच्या पुढे जावयाचे आहे.

कारण मधल्या काळात ती जुनी व्यवस्था मोडली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ते इतके दिवस टिकू शकले त्याचे एक कारण म्हणजे गावाकडून जाणारे धान्य. पण पुढे गिरण्या बंद पडल्या, खानावळी मिटल्या, गावच्या खोल्यांपैकी थोड्याच राहिल्या. आता आपली मुले चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला जातात. तेथे कारखाने नवे, कंत्राटदार नवे. पण गावची खोली नाही. आजा पत्ता घेऊन गेला होता. नातू मोबाइल घेऊन जातो. मोबाइलवर हजार ओळखी असतात. पण तापात पाणी देणारा त्यांतला एकही नसतो.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी. आणि त्यांतली एकही कोणाच्या ऐपतीबाहेरची नाही.

पहिली, चाळीस दिवसांची शिदोरी. नोकरीला निघालेल्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ पहिला पगार येईपर्यंतचे भाडे, अनामत आणि जेवण एवढी रक्कम असलीच पाहिजे. ती घरात नसेल तर बचत गटाने अगर गावाने बिनव्याजी द्यावी आणि दहा हप्त्यांत परत घ्यावी. पैसे कोठून आणावे म्हणाल, तर जत्रेत भिंती हादरवणाऱ्या कर्ण्यांवर आपण काय उधळतो ते आठवा. नोकरी लागली म्हणून सत्यनारायण, पहिला पगार झाला म्हणून पुन्हा सत्यनारायण, वर गावजेवण! ज्याची श्रद्धा असेल त्याने हात जोडावे, आम्ही आड येत नाही. पण मुहूर्त पाहून धाडलेल्या पोरालाही खोलीचे भाडे द्यावेच लागते, आणि घरमालक दक्षिणेत वजावट देत नाही.

दुसरी, गावची वही. आपल्या गावचे कोण कोणत्या शहरात, कोणत्या कामावर, त्याचा फोन कोणता, हे शाळेत अगर ग्रामपंचायतीत एका वहीत लिहून ठेवावे. नवा मुलगा एस.टी.तून उतरेल तेव्हा आधी गेलेल्यांपैकी एकाने तेथे उभे राहावे आणि पहिल्या महिन्यात चार रविवार त्याच्याबरोबर जेवावे. जे शहरात रुळले, त्यांस आमचे सांगणे आहे: तुम्ही कसे रुळलात ते आठवा. तुम्हांस कोणी हात दिला असेल तर त्याचे ऋण फेडा. दिला नसेल तर ते दुःख तुम्हांस ठाऊक आहे.

तिसरी, खोली. एका गावाला झेपत नसेल तर पाच गावांनी मिळून औद्योगिक वसाहतीजवळ एक जागा भाड्याने घ्यावी. नव्या मुलाने तेथे सहा महिने राहावे, मग आपली सोय पाहावी. मुलींसाठीही अशीच सोय निराळी करावी. दारावर जात विचारली जाणार नाही, हा तेथला पहिला नियम. कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. खरे आहे! १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांना जमिनी, रस्ते, पाणी दिले, आणि त्या जमिनी कुणब्यांच्याच होत्या. तेव्हा प्रत्येक वसाहतीत कामकऱ्यांसाठी वसतिगृह हवे, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करून धाडावा. पण सरकार जागे होईपर्यंत आपले पोर पुलाखाली झोपवू नये.

चौथी गोष्ट आईबापांसाठी. पहिले सहा महिने मुलाकडून पैसा मागू नका. फोनवर "किती उरले?" असे विचारू नका. "जेवलास काय? झोपतोस कोठे? पगाराचा कागद मिळाला काय?" असे विचारा. आणि तो हरून परत आला तर त्यास ताटावर बोलू नका. बी एकदा उगवले नाही म्हणून आपण जमीन टाकून देतो काय? दुबार पेरणी करतोच ना?

आता जाणाऱ्या मुलामुलींस चार शब्द. नोकरी देणारा पैसे मागत नसतो. जो मागतो तो ठग समजावा. कामावर लागताच नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी तुमच्या मूळ पगारातून बारा टक्के कापले तर तितकेच मालकाने घालावयाचे असतात; त्याचा खातेक्रमांक वहीत टिपून ठेवा, नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. राज्य विम्यासाठी २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात. ते जात असतील तर तापात औषध आणि आजारपणाचा भत्ता हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. आमच्या सुताराच्या पोराला हे कोणी सांगितले असते, तर तो पगाराचा कागद मागता, आणि विम्याचे पैसे खरोखर भरले जात आहेत की नाहीत हे पहिल्याच महिन्यात कळते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा करार लेखी करणे व तो नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तोंडी बोलीवर अनामत देऊ नका. मुलींनी ध्यानात ठेवावे की, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती असलीच पाहिजे. ती कोठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. नोकरदार स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या साह्याने वसतिगृहे बांधण्याची योजना १९७२-७३ पासून आहे. जेथे तुम्ही जाल तेथे असे वसतिगृह आहे काय, याची आधी चौकशी करावी. आणि मोबाइलवरचे कर्ज व मोबाइलवरचा जुगार, या दोन्हींस सापासारखे लांब ठेवा.

कायदे कागदावर असतात, आणि एकटा माणूस ते मागावयास भितो, हेही आम्ही जाणतो. म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो की एकटे राहू नका. खोलीतल्या सात जणांनी मिळून पगाराचा कागद मागितला तर कंत्राटदाराला सातांस काढणे सोपे नसते. मागणी करणारे साडेपाच हजार परळला आभाळातून पडले नव्हते. तेही कोणत्या तरी खोलीत आधी चार जण म्हणूनच बोलले असतील.

आता त्या सुताराच्या पोराचे. त्याचे मोबाइलवरचे कर्ज सात घरांनी मिळून फेडले. त्यात कुणबी होते, न्हावी होता, बौद्ध वाड्यातले एक कुटुंब होते. चाळीस दिवसांची शिदोरी बांधून, माघात तो पुन्हा गेला आहे. या वेळी मध्यस्थ नाही. आमच्या वहीतल्या एका मुलाने आपल्याच कारखान्यात त्याचा अर्ज दिला आणि आपल्याच खोलीत त्याची पथारी घातली. परवा त्याचा फोन आला. बापाने विचारले, "कसं चाललंय रं?" तो म्हणाला, "आबा, ह्या महिन्यात पैसं धाडाया जमायचं न्हाई." बाप म्हणाला, "नगं धाडू. जेवलास का?"

आमच्या गावची वही सुरू झाली आहे. तीत आज एकतीस नावे आहेत. आपल्या गावाने काय केले, ते आम्हांस कळवावे. जेथे वही उघडेल, त्या गावाचे नाव आम्ही या पत्रात आनंदाने छापू.